वेगळी चूल

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:१-३१; गलतीकरांस १:११-२४; १ करिंथकरांस ७:१२-१६



पाड्यांवरच्या अभ्यासगटांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरातला एकजण विश्वासात येतो आणि बाकीचे घर त्याच्या विरोधात उभे राहते. कुठे भाऊ बोलत नाही, कुठे बायको माहेरी निघून जाते, कुठे गाव बैठक बोलावते. अशा वेळी आपले लोक विचारतात, "हे लोक कधी बदलतील का? आणि तोवर आम्ही त्यांच्याशी वागायचं कसं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देवाच्या हाती आहे. दुसरा प्रश्न आपला आहे, आणि या अंकात त्याचाच अभ्यास करू.

विरोधक म्हटले की आपल्याला शौल आठवतो. स्तेफनाला दगडमार करणाऱ्यांनी आपली वस्त्रे त्याच्या पायांशी ठेवली होती. पुढे तो घरोघर शिरून विश्वासणाऱ्यांना ओढून तुरुंगात टाकू लागला. दिमिष्कातल्या शिष्यांना बांधून आणण्यासाठी त्याने प्रमुख याजकाकडून पत्रे मागून घेतली. वाटेत प्रकाश चमकला, तो खाली पडला, त्याची दृष्टी गेली. ही गोष्ट रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण आपण बहुधा प्रकाशापाशीच थांबतो. उपदेशातही तोच भाग रंगवला जातो, कारण तो सांगायला सोपा आणि ऐकायला भव्य आहे. ९ व्या अध्यायात प्रकाशाची वचने मोजकी आहेत. त्यानंतरचे तीन दिवस, अन्नपाण्याविना बसलेला आंधळा माणूस, त्याच्याकडे जायला कचरणारा हनन्या, यरुशलेमेत त्याला घाबरणारे शिष्य, ही सगळी हकिगत त्याहून लांब आहे. लूकाने ती लांबी उगीच दिलेली नाही.

आपल्या नाशिकच्या मातीतली अशीच एक हकिगत आहे. तिच्यात आकाशातून प्रकाश पडत नाही. म्हणूनच ती आपल्याला जास्त उपयोगी आहे असे मला वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणले जाते. त्यांचा जन्म १८६८ सालचा, गाव जलालपूर, नाशिकजवळ गोदावरीच्या काठी. माहेरचे आडनाव गोखले. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्र्यंबकच्या आसपासच्या कोळी आणि ठाकर समाजाच्या उठावाशी त्यांचे नाव जोडले गेले होते. आज आपण ज्या डोंगरपट्ट्यात काम करतो, तिथलीच ही गोष्ट. या घटनेनंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याला सीमा राहिली नाही. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, कोणाची सावली, कोणाचा स्पर्श चालायचा नाही. अशा घरात ही मुलगी वाढली. अकराव्या-बाराव्या वर्षी तिचे लग्न झाले नारायण वामन टिळक या तरुणाशी.

टिळक कवी होते, विद्वान होते आणि अस्वस्थ होते. जातिभेद नसलेल्या धर्माचा विचार त्यांच्या मनात घोळत होता. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या. मुलगा दत्तू चार वर्षांचाही नव्हता.

आपल्या मंडळ्यांतून टिळकांचा बाप्तिस्मा नेहमी आनंदाने सांगितला जातो, आणि तो आनंदाचाच आहे. पण त्याच दिवसाकडे बायकोच्या बाजूनेही पाहावे. नवरा जिवंत असून घर गेले. सवाष्ण म्हणावे तर संसार नाही, विधवा म्हणावे तर कुंकू आहे. नातेवाइकांच्या आधारावर जगायचे, आणि प्रत्येकाच्या तोंडून नवऱ्याबद्दल वाईट ऐकायचे. त्या शोकाने लक्ष्मीबाई खचल्या. थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना सांभाळले. पुढे काही काळ त्या मुलाला घेऊन पंढरपुरात राहिल्या. चार वर्षांहून अधिक काळ नवरा-बायको वेगळे होते.

या काळात लक्ष्मीबाई ख्रिस्ती धर्माच्या विरोधक होत्या यात शंका नाही. पण कशाच्या विरोधक? त्यांनी शुभवर्तमान वाचून ते नाकारले नव्हते. जी गोष्ट आपले घर मोडते, ती चांगली कशी असेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. मला वाटते, पाड्यावरच्या दहापैकी आठ विरोधकांचा हिशेब हाच असतो. येशूबद्दल त्यांना काही माहीत नसते. नवा विश्वासणारा गावदेवाची वर्गणी देत नाही, लग्नातल्या विधीत हात बांधून उभा राहतो, भगताला बोलावत नाही, हे मात्र त्यांना दिसते. सुरगाण्याकडच्या एका म्हातारीने मला एकदा विचारले होते, "लेका, पोरगा तुमच्यात गेला. मी मेले तर मला मातीला कोण येईल?" या प्रश्नाला कोणतेही वचन वाचून दाखवणे मला जमले नाही, आणि जमले असते तरी मी ते केले नसते. तिला कोणी मातीला येईल की नाही, हे आमच्या मंडळीच्या वागण्यावर ठरणार होते.

विरोधाचे दुसरेही एक रूप असते, वादाचे. तेही थोडक्यात पाहू. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४४-४५ च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ लिहिला. मिशनऱ्याला वादात हरवायला म्हणून ते त्याच्याकडे गेले, आणि वाद चालवण्यासाठी पवित्र शास्त्र वाचू लागले. १८४८ साली जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेला वळण देणाऱ्यांत पुढे त्यांचा मोठा वाटा होता. अशी माणसे ज्ञानाने अडतात आणि ज्ञानानेच वाट काढतात. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाप्तिस्म्यानंतरही गोरेशास्त्रींना शंकांनी आयुष्यभर सोडले नाही, आणि त्यांनी त्या लपवल्याही नाहीत. बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळे प्रश्न मिटले, असे धरून चालणाऱ्यांनी त्यांचे चरित्र वाचावे.

आता परत लक्ष्मीबाईंकडे.

त्या काळी एक कायदा होता, १८६६ सालचा. जो नव्याने ख्रिस्ती झाला आहे आणि ज्याचा जोडीदार त्या कारणाने त्याच्याबरोबर राहायला तयार नाही, त्याला न्यायालयात जाऊन ठरावीक मुदतीनंतर विवाह रद्द करून घेण्याची वाट त्या कायद्याने दिली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. करिंथच्या मंडळीला पौल जे शिकवतो ते इथे पुन्हा वाचावे. विश्वास न ठेवणारी बायको नांदायला राजी असेल, तर विश्वासणाऱ्या नवऱ्याने तिला सोडू नये; नवऱ्याच्या बाबतीतही तेच. आणि पौल पुढे जो प्रश्न विचारतो, तुझ्यामुळे तिचे तारण होईल की नाही हे तुला काय ठाऊक, त्यात आशाही आहे आणि लगामही आहे. ते तुझ्या हातात नाही, असा त्याचा रोख आहे.

लक्ष्मीबाई अखेर टिळकांकडे आल्या. टिळक तेव्हा अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत होते. त्या आल्या, पण सोवळे बरोबर घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवरा ख्रिस्ती मंडळीत उपदेश करतो आणि त्याची बायको त्याच घरात वेगळी चूल मांडून त्याच्या मंडळीच्या हातचे पाणीही घेत नाही. आजच्या आपल्या एखाद्या सुवार्तिकाच्या घरी असे चालले, तर आपण काय म्हणू? "आधी स्वतःचं घर सांभाळ, मग प्रचाराला ये," असे बोलायला पुढे येणारे मंडळीत निघतीलच. घरच्या बाईला कोपऱ्यात घेऊन समजावणाऱ्या बायका निघतील. बाप्तिस्म्याची तारीख सुचवणारेही निघतील. टिळक तापट स्वभावाचे होते, संसारात त्यांनी बायकोला पुष्कळ सोसायला लावले, हे लक्ष्मीबाईंनी हसतहसत पण स्पष्ट लिहिले आहे. मात्र त्या चुलीला त्यांनी हात लावला नाही. माझ्या दृष्टीने त्यांनी केलेल्या सुवार्ताकार्यात ही गोष्ट त्यांच्या कीर्तनांच्या आणि भजनांच्या जोडीला बसते.

लक्ष्मीबाईंचा बदल राहुरीला झाला. कोणी त्यांच्याशी वाद घातला नव्हता. त्या स्वतःशीच विचार करीत होत्या. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा पाहताच ओळखू येतात तशा माणसांच्याही आल्या असत्या. माणसांत तर बाई आणि पुरुष एवढाच फरक दिसतो. मग हा भेद देवाचा नाही. तो देवाचा नसेल, तर आपण कोणाच्याही हातचे खाल्ले तर पाप कसले? इतका साधा विचार. त्यात ख्रिस्ताचे नावसुद्धा नाही. पण वडिलांच्या घरात धुऊन धुऊन जे मनात मुरले होते, ते त्या विचाराने सुटले. सोवळे गेले, आणि त्यानंतर १९०० साली बाप्तिस्मा आला.

हा क्रम अभ्यासगटात जरूर लक्षात आणून द्यावा. आपण बहुधा उलटे धरतो: आधी बाप्तिस्मा, मग हळूहळू सवयी बदलतील. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत देवाने आधी त्यांचा सर्वांत अवघड गड घेतला. तो गड त्यांनी स्वतः आतून उघडला, कारण बाहेरून कोणी दार ठोठावत बसले नव्हते.

बदल खरा की वरवरचा, हे कसे ओळखायचे? शौलाच्या बाबतीत यरुशलेमेच्या शिष्यांना हीच शंका होती आणि ती रास्त होती. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की यहूदीयातल्या मंडळ्या त्याला तोंडओळखीनेही जाणत नव्हत्या. आपला छळ करणारा आता त्याच विश्वासाची सुवार्ता सांगतो आहे, एवढे त्यांच्या कानावर येत होते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत खूण हातांत दिसली. १८९९-१९०० चा दुष्काळ महाराष्ट्रात छपन्नाचा दुष्काळ म्हणून ओळखला जातो. त्या काळात पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी आली, आणि लक्ष्मीबाई त्यांची आई झाल्या. कोणत्या जातीचे मूल, कोणत्या घरचे, हा प्रश्नच उरला नाही. पुढे प्लेगच्या साथीत त्यांनी नगरला रुग्णांची शुश्रूषा केली. ज्या बाईच्या बालपणी परक्याचा स्पर्श म्हणजे अरिष्ट होते, ती आता प्लेगच्या रोग्याला हात लावत होती. यापेक्षा वेगळी साक्ष मागायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी जुन्या घराला शिव्या दिल्या नाहीत. 'स्मृतिचित्रे'मध्ये सोवळ्याची थट्टा आहे, पण वडिलांबद्दल द्वेष नाही. भिकूताई आणि नानासाहेब यांच्याबद्दलची माया शेवटपर्यंत तशीच आहे. याउलट आपल्याकडे काही साक्षींमध्ये काय ऐकू येते? "आम्ही अंधारात होतो, आमचे आईबाप सैतानाची पूजा करायचे." बोलणाऱ्याचे आईबाप बहुधा त्याच पाड्यावर, चार घरे सोडून राहतात. त्यांनाही हे ऐकू जाते. आईबापांचा अपमान करून दिलेल्या साक्षीने आणखी एक विरोधक तयार होतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता सभेआधीच साक्ष देणाऱ्याशी बोलून घेतो. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, कोणीही असो, आपल्या माणसांना मान देऊनच ख्रिस्ताचे नाव घ्यावे.

आता थोडे आपल्या संस्थेच्या कामाविषयी, कारण हा विषय त्यालाही लागू होतो. विरोध करणाऱ्यांचा नेहमीचा आरोप असतो की आपण औषध, शिकवणी, बियाणे देऊन माणसे फोडतो. या आरोपावर चिडण्यात अर्थ नाही. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. १९७७ साली स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. पुष्कळ ख्रिस्ती लोकांना हा निकाल बोचतो. मला मात्र त्यातली एक गोष्ट आपल्या श्रद्धेशी जुळणारी वाटते. माणसाला बदलण्याचा हक्क आपला नव्हताच. आपण सांगावे, सेवा करावी, आणि बाजूला उभे राहावे. म्हणून कार्यकर्त्यांनी एवढे कटाक्षाने पाळावे : दवाखान्याच्या रांगेत आणि बियाण्याच्या यादीत कोणाचा धर्म विचारला जाऊ नये, आणि जो आपल्याला शिव्या देतो त्याचे मूल तापाने फणफणले असेल तर गाडी सर्वांत आधी त्याच्या दारात जावी. तीही या अपेक्षेने नव्हे की उद्या तो उपासनेला येईल. असा हिशेब मनात असला की तो चेहऱ्यावर उमटतो, आणि डोंगरातला माणूस चेहरा लगेच वाचतो.

एक भीती मात्र माहितीने दूर करता येते, म्हणून इथे लिहितो. ख्रिस्ती झाल्यास जमातीचा दाखला रद्द होतो, असे पाड्यांवर सांगितले जाते. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. हे शांतपणे, कागद दाखवून समजावून द्यावे. वाद वाढवू नये.

आता हनन्याकडे येऊ. प्रभूने त्याला नीट नावाच्या रस्त्यावर, यहूदाच्या घरी, शौलाकडे जायला सांगितले, तेव्हा तो लगेच उठला नाही. त्याने आपली भीती प्रभूला सांगितली. या माणसाने यरुशलेमेत काय काय केले ते ऐकून आहे, असे तो म्हणाला. प्रभूने त्याला भित्रा म्हटले नाही. विरोधकाच्या घरी जाताना पाय अडखळले, तर त्यात लाज नाही. पण हनन्या गेला, आणि घरात शिरल्यावर त्याने त्या माणसावर हात ठेवून पहिला शब्द उच्चारला तो भाऊ. अजून शौलाचे डोळे उघडले नव्हते. अजून त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. त्याच्या छळाच्या पत्रांवरची शाई कदाचित नुकतीच वाळली असेल. मग डोळ्यांवरून खपल्यांसारखे काही पडले, बाप्तिस्मा झाला, आणि लूक एक अगदी घरगुती गोष्ट नोंदवतो : शौलाने अन्न घेतले आणि त्याला शक्ती आली. तीन दिवसांच्या उपाशी माणसाला त्या घरात कोणीतरी जेवण वाढले होते.

लक्ष्मीबाईंनी पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्याचा फार थोडा भाग लिहून झाला होता. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरांशी झगडणाऱ्या बाईने ख्रिस्तचरित्राच्या त्या ओवीबद्ध काव्याचा बहुतेक भाग रचला. पुढे टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी सांगा, असे मुलगा देवदत्त यांनी म्हटल्यावरून त्या लिहू लागल्या, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' तयार झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

गटप्रमुखांनी या तिमाहीत वरील तिन्ही शास्त्रभाग एकेका बैठकीत घ्यावेत. करिंथकरांचा भाग ज्या घरात एकच जोडीदार विश्वासात आहे, शक्य तर त्या घरी बसून वाचावा, आणि दुसऱ्या जोडीदाराला आग्रह न करता चहाला बोलवावे. तो आला नाही, तर चहा आत पाठवावा. बायकांच्या गटांत 'स्मृतिचित्रे'मधला राहुरीचा भाग मोठ्याने वाचावा. भाषा सोपी आहे, आणि हसू आल्याशिवाय राहत नाही. पुढच्या अंकात याच अध्यायातला बर्णबा घेऊ. सगळे शिष्य शौलाला घाबरून दूर असताना त्यानेच त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले होते.